थोरलीच्या हातचं तेल

मित्रांनो, माझा जीव करंगळीएवढा, पण नाव ऐका केवढं आहे: शॉक ॲब्सॉर्बर. मोटारसायकलच्या चाकाशी असतो तो माझा धिप्पाड चुलता. मी रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीचा, मागच्या डाव्या चाकावरचा. आम्ही चार भाऊ, चार चाकांना चौघे. गाडी उंचावरून आदळली की तो दणका आपण पोटात घ्यायचा आणि वर गाडीला कळूही द्यायचं नाही, हे आमचं काम. त्यासाठी आमच्या पोटात तेल असतं, तेलात वरखाली होणारी एक दांडी असते आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून रबराच्या बारीक कड्या असतात. बाहेरून स्प्रिंग. एवढाच आमचा संसार.

मी ज्या घरात आलो तिथे तिघंच राहत. कपडे शिवणारे बाबा आणि त्यांच्या दोन मुली. पुढच्या खोलीत बाबांचं शिलाई मशीन, खिडकीशी मुलींचं टेबल. गाडी पळवायची धाकटीने आणि तिने केलेले उद्योग निस्तरायचे थोरलीने, अशी वाटणी होती. मैदानातून आम्ही वाळूने माखून यायचो. थोरली आधी धाकटीला चार शब्द सुनवायची, मग आम्हाला एकेक करून उघडायची. काळं तेल ओतून द्यायची, कड्या पुसायची, फाटलेली बदलायची. नवं तेल भरलं की दांडी अगदी हळू वरखाली करायची, म्हणजे तेलात अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते. हवा आत राहिली तर आम्ही पोकळ होतो, दणका झेलत नाही. पण धाकटीला कुठला आलाय धीर? ती टोपण लावायची घाई करायची.

"थांब ग," थोरली म्हणायची, "त्यांचे ते येतात वर."

मग मला टेबलावर उभं करून ती हातावर हनुवटी टेकायची आणि बुडबुडे संपेपर्यंत बघत बसायची. मला ते फार आवडायचं.

एकदा शर्यतीच्या तयारीत तिने आम्हा चौघांना भरलं. मी शेवटचा. माझं टोपण घट्ट केलं आणि डोकं दुखतंय म्हणून ती जरा आडवी झाली. ताप चढला. दवाखान्यात नेलं. तिथून ती परत आलीच नाही.

त्यानंतर त्या घरात कुणी तिचा विषय काढला नाही. बाबा मशीनवर मान घालून बसत, धाकटी भिंतीकडे तोंड करून झोपे. एकमेकांना त्रास नको म्हणून दोघं गप्प. बऱ्याच महिन्यांनी धाकटीने गाडी बाहेर काढली. माझे तिन्ही भाऊ एकामागून एक गळू लागले, तसं त्यांना उघडून तिने स्वतः नवं तेल भरलं. माझी पाळी आली तेव्हा मात्र टोपणावर तिचा हात थांबला. थोरलीने भरलेलं तेल आता माझ्या एकट्याच्या पोटात उरलं होतं. तिने मला वरून पुसलं आणि तसंच जागेवर बसवलं.

मीही थकलो. कडी झिजली, तेल पाझरायला लागलं. गाडी डावीकडे कलायची, वळणावर उलटायची. तो एक शॉक उघड म्हणून मैदानावरची मुलं तिला सांगून दमली. ती हसण्यावारी न्यायची. हरत राहिली, पण मला उघडलं नाही. खरं सांगतो, मला लाजही वाटायची आणि ऊरही भरून यायचा.

तिचं हरणं बाबा बघत होते. एक दिवस ती शाळेत गेल्यावर ते मशीन सोडून टेबलाशी आले. गाडीची कललेली बाजू त्यांनी निरखून पाहिली आणि मला सोडवलं. नका, नका, असं मी आतल्या आत ओरडत होतो. माझं ऐकणार कोण? टोपण फिरलं. माझ्यातलं काळं तेल त्यांनी वाटीत काढलं, वाटी मोरीत उपडी केली आणि वरून साबणाचं पाणी सोडलं.

मग त्यांनी मला लख्ख पुसलं. नवं तेल भरलं, तेही आपल्या मशीनचं, घरातलं सगळ्यांत चांगलं. ते तेल आमच्या रबराला बाधतं, कडी फुगते, हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत? पण दांडी त्यांनी अगदी हळू वरखाली केली. मला टेबलावर उभं केलं आणि हातावर हनुवटी टेकून ते बुडबुडे संपायची वाट बघत बसले. तेव्हा मला उमगलं. इतकी वर्षं मशीन चालवता चालवता हा माणूस आपल्या थोरल्या मुलीकडे बघत होता. आता तिच्या जागी, तिच्यासारखे बसून ते रडत होते.

धाकटी घरी आली तेव्हा त्यांनी डोळे पुसलेले होते. गाडी तिच्यापुढे धरून ते म्हणाले, "बघ, केला नीट. आत नुसती घाण साठली होती, टाकून दिली."

तिने मला दाबून पाहिलं. मग टोपणावरून अंगठा फिरवला.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

हातपाय धुवायचं निमित्त करून ती मोरीत गेली आणि जाळीच्या कडेवरून बोट फिरवत बसून राहिली. बोटाला नुसतं पाणी लागलं. बाहेर बाबांचं मशीन बऱ्याच दिवसांनी जोरात चालू झालं होतं.

आता माझी कडी फुगली आहे, दांडी अडकते. गाडी पूर्वीपेक्षा वाईट पळते. नीट चालते ना, असं बाबा विचारतात. ती हो म्हणते.

मित्रांनो, आम्हाला वेळच्या वेळी साफ करा आणि दुसऱ्याची वस्तू उघडण्याआधी त्याला विचारा. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल, तर त्या माणसाबद्दल एकमेकांशी बोला. धाकटीला वाटतं, ताईचं शेवटचं जे काही होतं ते बाबांनी घाण म्हणून टाकून दिलं. बाबांना वाटतं, पोर खेळात रमली, ताईला विसरली. दोघं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर बसतात. दोघांच्याही मनातलं मला ठाऊक आहे, आणि त्या दोघांपर्यंत माझा आवाज पोचत नाही.