प्रीमारसाहेबांची वरात

ग्रात्स शहरातल्या आमच्या इस्पितळात दर मंगळवारी आणि शुक्रवारी विभागप्रमुखांची फेरी निघते. विभागप्रमुखांना आम्ही प्रीमार म्हणतो, आणि त्यांच्या फेरीला मी मनातल्या मनात वरात म्हणते. पुढे प्रीमारसाहेब हागेनॉअर, मागे हुद्द्याप्रमाणे डॉक्टर, सगळ्यात शेवटी मी, हेड नर्स गेरलिंडे. वाजंत्री तेवढी नसते.

त्या आठवड्यात काचेच्या खोलीत आल्फोन्स होता. भोपळ्याच्या बियांचं तेल काढणारा दणकट माणूस. आता दुसऱ्याची अस्थिमज्जा घातलेली आणि अंगात पांढऱ्या पेशी नावालाच उरलेल्या. साध्या सर्दीनेही जाईल अशी गत. म्हणून साहेबांचा हुकूम होता की आत कुणीही जायचं नाही, बायकोनेही नाही.

बायको रोझवीटा काचेबाहेर उभी राहून हात हलवायची. आल्फोन्सने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. सूप तसंच परत यायचं. मंगळवारी मला म्हणाला, "सिस्टर, त्या नळ्या काढा आणि घरी सोडा मला. मरायचंच तर तिच्या शेजारी मरतो."

तो थट्टा करत नव्हता. रोझवीटाने साहेबांना गाठलं.

"साहेब, हात धुते, तोंड बांधते. जरा वेळ त्याचा हात धरू द्या. जेवेल तो."

"बाई, रोगप्रतिकारशक्ती म्हणजे भावनांचा खेळ नव्हे. प्रत्येक माणूस म्हणजे जंतूंचं गाठोडं असतं."

असं म्हणून ते गाठोडं मागची सगळी गाठोडी घेऊन खोलीत शिरलं.

शुक्रवारी वरातीत धाकटा डॉक्टर लिओपोल्ड नाक ओढत उभा होता.

"सर्दी झालीय?" मी विचारलं.

"छे हो सिस्टर, जरासं आपलं..." आणि शिंकला. कोपरात शिंकला, संस्कार चांगले.

"आधी घरी जा."

"अहो, फेरी चुकवली तर साहेब कायमचं लक्षात ठेवतील!"

खरं होतं ते. साहेब पेशंटचं नाव विसरतात, पण मागचं एक माणूस कमी झालं तर त्यांना लगेच कळतं. माझं डोकंच फिरलं. लिओपोल्डला मागच्या जिन्याने पिटाळलं आणि रोझवीटाला आडोशाला ओढलं. तिचा ताप बघितला, घसा बघितला, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, नवा झगा, टोपी, मास्क सगळं चढवलं. अख्ख्या वरातीत तिच्याइतकं स्वच्छ कुणी नव्हतं.

"बोलायचं नाही," मी म्हटलं. "नुसती मान हलवायची. बाकीचेही तेवढंच करतात."

आत साहेबांनी पेशींच्या आकड्यांवर प्रवचन झोडलं. आल्फोन्स भिंतीकडेच. मग साहेब मागे वळूनही न बघता म्हणाले, "नाडी बघा कुणीतरी."

सगळ्यांनी कागदांत डोकी खुपसली. नाडी यंत्रावर दिसतेच, हात कोण लावणार? रोझवीटा पुढे झाली आणि तिने त्याचा हात धरला. आल्फोन्सने मान वळवली, मास्कच्या वरचे डोळे बघितले, आणि त्याची हनुवटी थरथरायला लागली.

"कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

"जोरात चाललीय," रोझवीटा पुटपुटली.

"उत्तम. चला."

तिच्याने हात सोडवेना. शेवटी मीच तिला कोपराने ढोसलं.

दुपारी सूपचा वाडगा रिकामा परत आला. वर आल्फोन्सची तक्रार, "यात भोपळ्याचं तेल का नाही घातलं?"

संध्याकाळी साहेबांना रोझवीटा दारात भेटली. साहेब खुशीत होते.

"बघितलंत? जेवायला लागला तुमचा नवरा. कुणालाही आत सोडलं नाही, त्याचं हे फळ!" त्यांनी हात मिळवला आणि दचकून मागे घेतला. "केवढे गार हात तुमचे! सर्दीबिर्दी असेल तर काचेपासूनही लांब राहा, बाई."

"हो साहेब," ती म्हणाली.

साहेब गेले. रोझवीटा माझ्याजवळ सरकली.

"सिस्टर, पुढची फेरी कधी?"

"मंगळवारी. नखं कापून या."