साहित्य समस्या

कुरुळीतल्या आमच्या कारखान्यात स्टोअरसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, ते मी ठरवणार होतो. समोर दोन होती: एक विकतचं, दुसरं फुकटचं, ज्यात कुणालाही बदल करून पाठवता येतो. माझा हट्ट विकतच्याचा. फुकटच्याची जबाबदारी कोण घेणार, कपाळ?

दोन्ही आठवडाभर चालवून बघितली. स्टोअरकीपर दत्तोबा भडकले. ‘मटेरियल इश्यू’चं मराठी दोन्हींत ‘साहित्य समस्या’ केलं होतं.

“आमी बोल्ट देतो, समस्या न्हाई देत! तिथं ‘माल दिला’ लिवा.”

मी दोन्हीकडे कळवलं. विकतच्यावाल्यांनी तक्रार क्रमांक पाठवला आणि गप्प बसले. फुकटच्यावाल्यांपैकी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं, “शब्द तुम्हीच बदला, आम्ही तपासून घेतो.” मी बदलला.

महिन्याभरात फुकटच्याची नवी आवृत्ती आली. उघडली, तर समोर ‘माल दिला’. मी दत्तोबांना हाक मारली.

“दत्तोबा, हे सॉफ्टवेअर मराठीत जिथं जिथं उघडेल, तिथं आता तुमचा शब्द दिसणार.”

“समद्या जगात?”

“सगळ्या जगात.”

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“मग बाकीचे शब्द बी वाचून काढू साहेब,” ते हळूच म्हणाले. “आता जबाबदारी आपली हाय.”