सरांचा पासवर्ड

“दाबा की डिलीट!”

“दाबूनच राहिले, सर.”

गौसियाचं बोट त्या बटणावरून हलत नव्हतं, पण कीबोर्डवरचा एकही दिवा लागत नव्हता. पडदा उजळला, विंडोजचं नाव येऊन गेलं, पासवर्डची चौकट आली आणि तिच्यातली उभी रेघ नुसतीच लुकलुकत राहिली. माऊसही मेला होता.

क्लासचे मालक मन्मथ सर खोलीत येरझाऱ्या घालू लागले. उद्या सकाळी इथल्या लातूरच्या आणि नांदेडच्या, दोन्ही शाखांमधल्या पोरांची परीक्षा होती. पेपर या एकाच मशीनमध्ये होता आणि संध्याकाळच्या आत छापून नांदेडच्या जीपमध्ये चढायला हवा होता.

गेल्या महिन्यात नांदेडला पेपर फुटला होता. परीक्षेआधीच पोरांच्या हातात प्रश्न होते. क्लासचे सगळे पेपर गौसिया टाइप करायची, तीच सांभाळायची. त्यामुळे तोंडावर कुणी काही बोललं नाही, तरी ती आत आली की माणसं बोलायची थांबत. सरांचा पुतण्या वीरभद्र मात्र जिन्यात तिला ऐकू जाईल असं म्हणाला होता, “कुंपणच शेत खाऊन राहिलं, तर कुणाला सांगावं!”

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. काल तीच सरांकडे गेली. “सर, या मशीनला पेन ड्राइव्ह लागणारच नाही अशी सोय करता येते. तो जिथं लागतो ते सगळे पोर्ट आतून बंद करू. चावी तुमच्याकडं ठेवा.”

कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोजच्याही आधी, एक निळा पडदा उघडता येतो. त्याला बायोस म्हणतात. पोर्ट चालू-बंद करायची सोय तिथे असते. गौसियाने तो उघडून दाखवला, सगळे पोर्ट बंद केले आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सरांनी स्वतःच्या हाताने त्या पडद्याला पासवर्ड घातला. आपल्यावरचं किटाळ गेलं, असं वाटून तिला रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. कीबोर्ड आणि माऊसही त्याच पोर्टांना लावलेले असतात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आता पोर्ट उघडायला कीबोर्ड हवा होता आणि कीबोर्डला पोर्ट.

“काका, नांदेडला नेतो मशीन,” वीरभद्र म्हणाला. “जिथून घेतलं तिथला माणूस खोलून देईल.”

“आन् पेपर? त्यो बी नेतोस त्याच्या दुकानात?”

गोल पिनेचा जुना कीबोर्ड आणून बघावा, तर मशीन नवं होतं. मागे गोल भोकच नव्हतं. उपाय एकच उरला होता आणि तो गौसियाला ठाऊक होता. 

ती गच्चीवर गेली. खाली क्लासच्या गल्लीत पोरं-पोरी पाठीवर ओझी घेऊन या इमारतीतून त्या इमारतीत पळत होती. तिने नवऱ्याला फोन लावला. नजीरचं गंजगोलाईच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

“बॅटरी निकाली तो खुलता ना?”

“खुलता. पन तू नक्को खोलू.”

“कायकू?”

“पासवर्ड बी पुसा जाता उसमें. तू खोली, तो उनो बोलेंगे, पैले बी ऐसाच खोली होंगी. चुप बैठ. नै आता बोल.”

तिने फोन बंद केला. गच्चीवर दोनदा इकडून तिकडे गेली. येत नाही म्हणून सांगणं किती सोपं होतं! पण उद्या दोन गावची पोरं बाकावर येऊन बसतील आणि पेपर नसेल. पत्र्याच्या एका खोलीत हा क्लास चालायचा, तेव्हापासून तिने त्याचे पेपर टाइप केले होते. ती खाली आली.

“सर, पेचकस लागंल.”

तिने वायर काढली, डबा उघडला आणि आतली रुपयाएवढी बॅटरी नखाने उचलली. “आता थोडं थांबावं लागंल. आतलं सगळं विसरू द्यावं लागतं.”

वीरभद्र बाहेर गेला होता. सर खुर्चीत बसले. बराच वेळ ते तिच्या हातांकडे बघत होते.

“किल्लारीच्या भूकंपात मला दगडाखालून काढलं ना,” ते एकाएकी म्हणाले, “तो माणूस कोण, मला आजवर कळलं न्हाई. तोंड दिसलंच न्हाई. नुसते हात.”

 तिने बॅटरी जागेवर बसवली, वायर लावली आणि बटण दाबलं. कीबोर्डवर हिरवा दिवा लागला. डिलीट दाबताच निळा पडदा उघडला. त्याने काहीही विचारलं नाही.

सर पुढे वाकले. “माझा पासवर्ड?”

“पुसला सर. बॅटरीसंगं जातो तो बी.”

“म्हंजे त्याच्याबिगर बी आत जाता येत व्हतं.”

“हाव सर.”

“आन् तुमाला म्हाईत व्हतं.”

आताच फोनवर कळलं, असं सांगता आलं असतं. “लगीन झाल्यापासून म्हाईत हाय सर,” ती म्हणाली. “दुकानात बघते.”

 पेपर छापून झाले, गठ्ठे बांधले, जीप अहमदपूरच्या रस्त्याला लागली. मग सर म्हणाले, “सोमवारपासून तुमी प्रवेशाच्या काउंटरला बसा. वीरभद्र बघंल हितलं.”

“हाव सर.” घरी जाण्याआधी तिने वीरभद्रला बसवून दाखवलं, कुठले पोर्ट बंद करायचे आणि कुठले दोन कधीच बंद करायचे नाहीत.

दिवाळीनंतर नांदेडच्या शाखेतलाच एक जण पेपर विकताना सापडला. सर काउंटरपाशी आले. उगाच कॅलेंडर सरळ केलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तुमची खुर्ची आतच हाय अजून.”

“हितंच बरंय सर,” गौसिया म्हणाली. “माणसं येऊन जाऊन असतात.”

सर वर गेले. तेवढ्यात लातूरजवळच्या मुरुडहून आलेला एक बाप पोरीला पुढे घालून काउंटरशी आला. इकडेतिकडे बघत त्याने हळूच विचारलं, “बाई, हितं पेपर फुटतेत म्हनं. खरं हाय का?”

गौसियाने पोरीकडे पाहिलं. घामाने तिची टिकली खाली सरकली होती.

“सरांचा क्लास हाय भाऊ,” ती म्हणाली. “बिनघोर ठेवा.” आणि पोरीला बसायला तिने आपली खुर्ची पुढे सरकवली.