ओठांचा सराव

माझी आरोही बावीस महिन्यांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि घरात सगळ्यांना त्याचं कारण ठाऊक होतं: माझं फ्रेंच.

पुण्याला फ्रेंचच्या एम.ए.चं माझं दुसरं वर्ष चालू होतं. दर शनिवारी पहाटेची एसटी धरायची. एरवी आमच्या मखमलाबादेत फ्रेंच बोलायला कोण मिळणार? म्हणून मी आरूलाच समोर बसवून बोलायचे. सासूबाई ओट्यावर झेंडूची फुलं निवडत ऐकायच्या.

"पोरीच्या डोक्याचा पार भुगा झाला आसंल. मराठी बोलू का तुझं गुटरगूं बोलू?"

डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात. शेखर, माझा नवरा, म्हणाला, "थोडे दिवस बंद ठेवून बघ ना."

ठेवलं. दोन महिने पुण्यालाही गेले नाही. दिवसभर आरूच्या तोंडाकडे बघायचं, एवढंच काम. ती गप्पच.

तोंडी परीक्षा आठ दिवसांवर आली. नाही दिली तर वर्ष गेलं. एका दुपारी वही काढली आणि उच्चारांपासून सुरुवात केली. मॅडमनी सांगितलं होतं, आरशासमोर बसा. ओठ 'ऊ'चे करा आणि आतून 'ई' म्हणा. आरसा आणायला उठायचंही जिवावर आलं होतं. तेवढ्यात आरू समोर येऊन बसली. मी ओठ गोल केले, तिनेही केले. मी ताणले, तिनेही ताणले. अगदी बरोब्बर. फक्त आवाज नाही.

मग उतारा वाचायला वही तोंडासमोर धरली. वाचता वाचता वरून बघितलं, तर तिचे ओठ थांबलेले. वही खाली घेतली, ओठ सुरू. वर, बंद.

वहीआडून हाक मारली, "आरू!"

ती माझ्या बांगड्यांकडे बघत राहिली. मी स्वयंपाकघरातून ताट आणलं, तिच्या मागे उभी राहिले आणि त्यावर पळी जोरात हाणली. तिने मान वळवली नाही. बाहेरून सासूबाई मात्र धावत आल्या.

"काय झालं गं? साप निघाला का काय?"

"आई, हिला ऐकू येत नाही."

"काय बी बोलती! मी हाक मारली की पळत येती ती."

"समोरून मारता तुम्ही. हात करून."

सासूबाई तिच्या पाठीमागे बसल्या. "आरू. ए आरूबाई. आगं आरू!" शेवटची हाक एवढी मोठी, की शेजारच्या लताबाई दारात आल्या. आरू वहीचं पान चुरगळत होती.

फ्रेंचचा दोष नाही हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, फ्रेंचचाच असता तर बरं झालं असतं. ते सोडता आलं असतं.

"मंग आता?" सासूबाईंनी विचारलं.

"कानाची मोठी तपासणी पुण्याला करून घेऊ. शनिवारी परीक्षा आहे, ती सोडते मी."

"सोडती कशाला? मी येते संगं. तू आत जा, मी पोरीला घिऊन भाईर बसंन. मंग जाऊ डॉक्टरकडं." आरूच्या हातातली वही सोडवत म्हणाल्या, "मला तिकडचं काय कळत नाय, पन बसाया येतं."

शेखरला कामावर फोन करून कळवायला मी कोपऱ्यावरच्या पीसीओकडे निघाले. मागे सासूबाई आरूला अजून हाका मारत होत्या.