बंद शटरची भरपाई

या, बसा. जरा लांब बसा, राग मानू नका, सवय लागलीय. तुम्ही मघाशी विचारलंत ना, की समोरचं सलून बंदच असतं, मग त्याच्या शटरला मी तेल कशाला घालतो? सांगतो. पण मध्ये उठायचं नाही. हसू आलं तर खुशाल हसा, सुरुवातीला हसण्यासारखंच आहे सगळं.

ते दुकान उस्तादचं. नाव होतं त्याला काहीतरी, पण त्याला नावानं हाक मारली असती तर त्यानं वळूनही बघितलं नसतं. पुऱ्या रस्त्याची डोकी त्याच्या हातात. आणि स्वतः टकला, तळहातासारखा! कोणी चेष्टा केली की म्हणायचा, "हलवाई कुठं स्वतःची मिठाई खातो?" मागच्या दोन खोल्यांत राहायचा तो आणि वहिनी. वहिनी म्हणजे त्याची बायको, आम्ही सगळे वहिनीच म्हणतो. ही गोष्ट खरी तिची आहे. मला तिनंच सांगितलीय, एकेक श्वास घासासारखा घेत.

वहिनीचं लहानपण गादीच्या कारखान्यात गेलं, कापूस पिंजण्यात. तो कापूस छातीत जो बसला तो बसलाच. दोन शब्द बोलली की तिसऱ्याला थांबायची. तरी जीभ अशी तिखट, की त्या थांबण्यात समोरच्याला घाम फुटावा.

मग साथ आली. सरकारनं सांगितलं, ज्या धंद्यात माणसाला हात लावावा लागतो ते धंदे बंद. माझं चपलांचं दुकान वाचलं, चपलेला कोण घाबरतो! उस्तादचं शटर मात्र खाली आलं. पण सरकारनं उपाशी नाही ठेवलं, खोटं कशाला बोलू. महिन्याच्या महिन्याला भरपाई, थेट खात्यात. अट एकच. शटर खाली तोवर भरपाई. हत्यार एकदा जरी चाललेलं सापडलं, की भरपाई बंद, दिलेली परत वसूल, आणि लायसन कायमचं गेलं.

उस्तादनं पहिल्या भरपाईतून काय केलं? वहिनीसाठी श्वासाचं मशीन भाड्यानं आणलं. खाटेच्या उशाशी ठेवलं. दिवसरात्र घरघर, घरघर. वहिनी म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा पोटभर झोपले ती त्या आवाजात.

म्हणजे बघा, शटर खाली म्हणून मशीन चालू, आणि मशीन चालू म्हणून वहिनी. इतकं सरळ होतं.

पण उस्तादचे हात! कामाची सवय असलेल्या माणसाला बसवून ठेवलं की हात शिवशिवतात. खुर्चीत बसल्या बसल्या त्याची बोटं चालायची, कच कच कच, रिकामीच.

"अहो, वारा कापताय का?" वहिनी विचारायची.

"वाढलाय गं फार."

इकडे रस्ताभर माणसांची अस्वलं झाली. दूधवाल्याला त्याच्याच कुत्र्यानं ओळखलं नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि टीव्हीवर बघावं, तर साथीची बातमी द्यायला येणारे साहेब लोक कसे चकाचक! उस्ताद टीव्हीला नाक लावून बसायचा.

"ह्यांचे कापतं कोण?"

"त्यांचे वाढतच नसतील," वहिनी म्हणाली.

"अगं, हे काल कापलेत. कानामागची कातडी बघ, पांढरी आहे अजून. ऊनच लागलेलं नाही तिला." मग हळूच म्हणाला, "कोणीतरी जातंय त्यांच्याकडे. कोणीतरी आमच्यातलाच."

तेव्हा ते दोघं हसले. वहिनी म्हणते, आम्ही हसलो, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

भरपाई घेणाऱ्यांवर नजर ठेवायला एक तपासणीच्या मॅडम यायच्या. तोंडाला पट्टी, पायात बिनआवाजाचे बूट. त्या शटरकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. त्या बघायच्या माना. दुधाच्या रांगेमागून सावकाश चालत जायच्या, एकेक मान बघत. कापलेली मान दिसली म्हणजे कुठंतरी कात्री चालली, हिशेब साधा. आमच्या नळवाल्यानं घरातल्या कात्रीनं स्वतःच कापले होते, तर त्याला भर रस्त्यात उभं केलं.

"कोणी कापले?"

"मीच, मॅडम."

त्यांनी गोल फिरून बघितलं. "पटलं. एवढे वाईट दुसरं कोणी कापणार नाही."

सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. त्या दिवसापासून लोक भर उन्हाळ्यात कानटोप्या घालायला लागले, केस वाढलेलेसुद्धा.

उस्तादच्या हाताची एक खूण होती, ती आत्ताच सांगून ठेवतो. केस कापून झाले की मानेवर वस्तऱ्यानं शेवटची रेघ काढतात ना, ती सगळे सरळ काढतात, पट्टी ठेवल्यासारखी. उस्तादची गोल यायची, वाटीच्या काठासारखी, आणि उजवीकडे जराशी वर. कारण तो डावीकडे उभा राहून कापायचा. वहिनी खिडकीतून लांब जाणारी मान बघून सांगायची, हा आपल्याकडचा, हा परका.

आता पलीकडच्या गल्लीत एक म्हातारे पोस्टमन राहायचे. उस्तादच्या दुकानातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. साथीच्या आधीच अंथरुणाला खिळलेले. एक दिवस त्यांची मुलगी मागच्या भिंतीपाशी येऊन उभी राहिली.

"काका, बाबांची दाढी उशीला घासते हो. झोपच लागत नाही त्यांना. सारखं म्हणतात, उस्तादला बोलवा, असा झिपऱ्या घेऊन नाही जायचं मला."

"ताप आहे?" वहिनीनं आतून विचारलं.

"नाही वहिनी. म्हातारपण, दुसरं काय!" पण बोलताना ती पोरगी जमिनीकडे बघत होती.

ती गेल्यावर वहिनी म्हणाली, "जाऊ नका. माझा श्वास भाड्यानं आणलाय, विसरू नका."

"वेडी का खुळी तू? कुठं चाललोय मी!"

दुपारी जेवण झाल्यावर वहिनीचा डोळा लागला, मशीनच्या घरघरीत. आणि झोपेतच तिला आवाज आला. फट्! तो आवाज तिच्या हाडात मुरलेला होता. गिऱ्हाईक उठलं की गळ्याभोवतीचा कपडा दारात झटकायचा, फट्. तिला वाटलं, दुकान उघडलं. साथ संपली. डोळे न उघडताच हसली ती.

मग उघडले.

दारात उस्ताद उभा. हातात तो कपडा, दोन टोकांना धरलेला. तोंड पांढरंफटक. पोस्टमनच्या घरी जमिनीवर एक केस ठेवला नव्हता त्यानं, सगळे कपड्यात गुंडाळून आणले होते, नाल्यात टाकायला. मधल्या वाटेनं, कोणाच्या नजरेला न पडता, इतका जपून आला. आणि स्वतःच्या दारात पाय ठेवला तशी हातांनी जन्मभर केलं तेच केलं. डोकं मध्ये यायच्या आत.

पायपुसणं काथ्याचं. त्याच्यावर पांढरे केस, बारीक, कापसासारखे. आणि त्या घरात, बाबांनो, एक टकला आणि एक काळ्याभोर वेणीची बाई.

"कपडा लांब धरा," वहिनी म्हणाली. दुसरं काही नाही.

झाडलं, ओल्या फडक्यानं पुसलं. पण काथ्यात अडकलेला केस निघतो होय? वहिनी नळी नाकात घालूनच बसली, एकेक उपटत. जितका वाकायची तितका श्वास संपायचा. पायपुसणं फेकलं असतं, तर घंटागाडीवाला विचारणार, नवंकोरं का टाकताय? जाळलं असतं, तर धूर, तिच्या छातीला. शेवटी उलटं करून ठेवलं.

त्याच रात्री पोस्टमन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात पांढरी गाडी लागली. म्हातारपण नव्हतं ते. साथच होती.

बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या डोक्यावरची चादर वाऱ्यानं सरकली. आम्ही सगळ्यांनी बघितलं. गाल कसे गुळगुळीत, केस बसवलेले, लग्नाला निघाल्यासारखे. तपासणीच्या मॅडम गाडीपाशीच होत्या. त्या वाकल्या. मान बघितली. सरळ उभ्या राहिल्या आणि आमच्या रस्त्याकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नजर फिरवली. माझ्या हातातली चपला शिवायची टोचणी अंगठ्यात गेली.

त्या चालत आल्या, त्या बिनआवाजाच्या बुटांनी, थेट उस्तादच्या दारात. शटरकडे बघितलंच नाही. खाली बसल्या, पायपुसणं उलटं केलं, आणि चिमटीत एक केस धरून उजेडात बघितला. मग उस्तादचं डोकं बघितलं. मग वहिनीची वेणी.

"घरात म्हातारं कोण आहे?"

"कोणी नाही," उस्ताद म्हणाला.

मशीन घरघरत होतं. वहिनीला वाटलं, उठावं आणि पाय धरावेत. पण उठायचं तर नळी काढावी लागणार, आणि नळी काढून पाय धरले तर बोलायला श्वास उरणार नाही.

"रेघ गोल काढता तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "सरळ काढतात सगळे."

"हात वळतो तसा, मॅडम."

"मशीन भाड्याचं?"

"हो."

"चालू राहू दे." केस त्यांनी कागदात ठेवला, कागद खिशात. आवाज अगदी गोड, नर्स बोलते तसा. "उद्या सकाळी गाडी येईल. हत्यारं घेऊन बसा. कुठं, कोणाकडे, विचारायचं नाही. घरी सांगायचं नाही. तुमचं दुकान बंदच आहे, नाही का?"

"बंदच आहे," उस्ताद म्हणाला.

"मग भरपाईला काही अडचण नाही."

गाडी यायला लागली. काळ्या काचांची. उस्ताद जायचा, संध्याकाळी यायचा, घासून घासून आंघोळ करायचा. आणि टीव्हीवर साहेब बोलून झाले, उठले, पाठ फिरवली की वहिनीला दिसायची ती. गोल रेघ. उजवीकडे जराशी वर.

पहिल्यांदा तिला अभिमानच वाटला, खरं सांगायचं तर. म्हणाली, "अहो, तुमचा हात टीव्हीवर आला!"

तो हसला नाही. "त्या घरांत कोणी बोलत नाही गं. मी एक डोकं करतो, आणि आतल्या खोलीत कोणीतरी खोकत असतं. बाहेर बातमी चालू असते की साथ हटली. आणि आत खोकतंय."

त्या दिवसापासून तो घरात आला नाही. मागच्या दारानं दुकानात शिरायचा, गिऱ्हाइकाच्या खुर्चीतच झोपायचा. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक खिडकी, त्या बंद काचेतून दोघं बोलायची.

"थंडी वाजते का?"

"नाही. तू नळी नीट लाव."

"जाऊ नका उद्या."

"आणि मशीन?"

वहिनीनं नळी नीट लावली.

एक दिवस काचेपलीकडे त्यानं तोंड फिरवून घेतलं आणि खोकला. वहिनीनं ऐकलं. त्यालाही कळलं की तिनं ऐकलं. म्हणाला, "केस गेला घशात." सकाळी गाडी आली, तो हत्यारांची पेटी घेऊन बसला. संध्याकाळी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

वहिनी भरपाईच्या ऑफिसात गेली, नळीशिवाय, माझ्या खांद्याला धरून. खिडकीतला कारकून चांगला होता बिचारा, बसायला स्टूल दिलं.

"माझे मालक कामावर गेले ते परत नाही आले."

"कुठल्या कामावर?"

"केस कापायला."

त्यानं मान वर केली. "दुकान उघडलं होतं तुम्ही?"

"नाही."

"हत्यार चालवत होते?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. बघा आता! हो म्हणावं, तर भरपाई बंद, दिलेली वसूल, मशीन उचलून नेणार. नाही म्हणावं, तर माणूस गेलाच कुठं?

"नाही," वहिनी म्हणाली. "बंदच आहे सगळं."

"मग घरीच असतील बघा," तो म्हणाला, आणि खिडकी सरकवली.

आणि भरपाई? ठरल्या दिवशी आली. पुढच्या महिन्यालाही आली. एक दिवस इकडे तिकडे नाही. का थांबावी? शटर खाली आहे. अट पाळलीय, आमच्या रस्त्यात तिच्याएवढी कोणी पाळली नसेल. मशीन घरघरतंय, आणि त्या प्रत्येक घरघरीबरोबर वहिनी गप्प बसतेय. मी शटरला तेल घालतो ते तिच्या सांगण्यावरून. म्हणते, येतील तेव्हा अडकायला नको.

आता ती दिवसभर टीव्हीसमोर असते. साहेब काय बोलतात ते ऐकत नाही, आवाज बंदच असतो. ते उठायची वाट बघते. पाठ फिरायची वाट बघते. मध्यंतरी दिसली एकदा, गोल. त्या रात्री जेवली ती पोटभर. गेल्या आठवड्यात मात्र एकाची मान वळली, आणि रेघ सरळ होती. पट्टी ठेवल्यासारखी. वहिनी म्हणाली, "लांबून दाखवलं ना, म्हणून तशी दिसली." मी म्हटलं, "हो वहिनी, लांबूनच होतं."

लांबून नव्हतं.

तेव्हा एक काम करा माझं. तुम्ही दहा गावं फिरणारी माणसं, मोठ्या लोकांत उठबस आहे, घरी टीव्ही आहे. कुठल्याही साहेबाची मान वळताना दिसली, तर जरा नीट बघा. गोल दिसली, उजवीकडे जराशी वर, तर ह्या दारात येऊन सांगा. मध्यरात्र असली तरी उठवा. आणि नाहीच दिसली कुठं, तरीही या, बाबांनो. या, आणि वहिनीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात सांगा, की दिसली.