बाजेवरची शबनम

माझा धाकटा भाऊ नूरमहंमद याने बाजारातून शबनमला आणले, तेव्हा तिच्या अंगावरचे केसांचे भोवरे त्याने बोट फिरवून तपासले होते. डोळे मात्र पाहिले नव्हते. गळ्यावर देवमणाचा भोवरा आहे, म्हणजे घोडी घरात बरकत आणणार, एवढे त्याला पुरले. शेवगावात वरातीच्या घोड्या पुरवणे हा आमचा पिढीजात धंदा. मी इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण वाढले तबेल्यातच. घोडी बुजरी निघाली, जवळ जाईल त्याला लाथ बसू लागली, तेव्हा "आपा, आता तूच बघ" म्हणून तिचे दावे माझ्या हाती आले.

फौजांच्या पागांविषयी जे लिहून ठेवलेले आहे, त्यातले बरेच मी वाचले आहे. प्राण्याला घाई कळत नाही, हे त्यात पानोपानी सांगितले आहे. वाचायला सोपे, आमच्या गल्लीत आचरायला अशक्य. रोज सकाळी मी शबनमला पैठण रस्त्याच्या कडेला उभी करी. उसाचे ट्रॅक्टर कर्ण्यांवर गाणी उधळीत जात. प्रथम ती थरथरे, मग सोसू लागली, आणि एके सकाळी ट्रॅक्टर शेजारून धडधडत गेला तरी पळण्याऐवजी तिने माझ्या खांद्याला नाक लावले. एवढेच मला हवे होते: गोंगाटात तिला माझा हात पुरावा. हा विश्वास अजून कोवळा आहे, हे मी नूरमहंमदला स्पष्ट बजावले होते.

त्यानंतर श्रीगोंद्याहून काकासाहेब आले. मुलाच्या वरातीसाठी त्यांना घोडी हवी होती.

"नूरभाई, घोडी देखनी हाय. पन बाजंवर नाचती का?"

ही आमच्याकडच्या वरातींची हौस. सुंभाने विणलेल्या बाजेवर घोडी चढवायची, हलगी कडकडवायची आणि ती टापा आपटू लागली की शिट्ट्या मारायच्या.

"नाचत नाही," मी म्हणाले. "हलगी अजून ऐकलेलीही नाही तिने."

"मॅडम, तुमी कॉलेजात शिकवायच्या ना? मग पोरीला नापास का करता?"

"परीक्षेला बसवलेलीच नाही."

"आपा, पाहुन्यासमोर तरी..." नूरमहंमद कुजबुजला. "येकदाच. बघू तर दे." आणि दावे माझ्या हातातून ओढून घेत त्याने स्वतःच अंगणात बाज टाकली.

गल्लीतल्या एका पोराने हलगी कडाडवली. शबनमचा पुढचा पाय बाजेवर पडला, सुंभ खचला, खूर विणीतून आरपार जाऊन अडकला. ती बाजेसकट उधळली. लाकूड मोडले, पाय सुटला, आणि ती मागच्या पायांवर ताठ उभी राहिली. तोंडाला फेस, डोळ्यांत नुसते पांढरे.

"आयला! ह्याला म्हनत्यात नाच!" काकासाहेबांनी मोबाईल उंच धरला. "नूरभाई, हीच पायजे!"

भयाला कला समजण्याची चूक दरबारांनीही केली आहे. त्यांच्याकडे निदान मोबाईल नव्हते.

त्या दिवसापासून शबनम मलाही जवळ येऊ देईना. लांबून हलगी ऐकू आली तरी ती पुढचे पाय उचले, आणि नूरमहंमद समाधानाने म्हणे, "शिकली की! तुझीच मेहनत, आपा." वरातीच्या सकाळी त्याने काटेरी लगाम काढला. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि विहिरीत टाकला.

"आपा! आता तिला धरनार कोन?"

"मी. काटे तिच्या तोंडात गेले, तर ही घोडी जन्मभर माणसाचा हात ओळखणार नाही. आणि नवरदेव जीपमध्ये बसेल."

"तू? वरातीत? लोक काय म्हनतील?"

"म्हणतील, म्हातारी घोडी धरते. त्यात खोटे काय आहे?"

काकासाहेबांना घोडीवर मुलगा नसला तरी चालत होते. नाच हवा होता.

श्रीगोंद्यात हलगी वाजताच ती मागच्या पायांवर उठली. मी दावे ओढले नाही, सैल सोडले. ती खाली आली, तेव्हा मी मानेवर हात ठेवला. तिची कातडी शहारून आकसली. मी हात उचलला, पण मागे घेतला नाही. तिच्या मानेपासून बोटभर अंतरावर तसाच धरून चालत राहिले; तीही शेजारून चालत होती. मागून काकासाहेब ओरडत होते, "मॅडम, जरा उडवा की तिला!"