माझे भाग बंद झाले, मी नाही

मी एक जुनी मोटारगाडी आहे, मित्रांनो. जुनी म्हटलेलं मला चालतं. भंगार म्हटलेलं मात्र चालत नाही. चार वर्षांपूर्वी, १९८४ साली, मला तसं ठरवून टाकलं होतं. तेव्हा काय घडलं, ते ऐका.

माझा जन्म १९६९ सालचा, जर्मनीतल्या एका कारखान्यातला. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर असे, मला नव्हता. माझ्या टाकीखाली विजेवर चालणारा एक पंप आहे. तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो आणि चार सिलिंडरांचे चार नोझल ते फवाऱ्यासारखं आत सोडतात. कारखान्यात मला पाहायला माणसं थांबत. मी थोडी गर्विष्ठ होते, हे कबूल करते.

पुढे हिल्डाबाई नावाच्या डॉक्टरीणबाई मला बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने वर्ध्याला घेऊन आल्या. देवळीच्या वाटेवरच्या एका कुष्ठरोग दवाखान्यात त्या काम करत. १९७६ साली त्या मायदेशी परतल्या आणि जाताना माझी किल्ली नर्स जिजाबाईंच्या हातात देऊन गेल्या. जिजाबाई देवळीच्या शेतकरी घरातल्या. नऊवारी नेसूनच त्या गाडी चालवायला शिकल्या होत्या. खेड्यातल्या बाया आधी हसल्या, मग ओट्यावर उभ्या राहून बघू लागल्या.

माझं काम साधं होतं. ज्यांना कुणी शेजारी बसू देत नसे, त्यांना मी बसवत असे. बोटं झडलेल्या, पायाला जखमा झालेल्या माणसाला पाहून भाड्याची वाहनं थांबत नसत. मी थांबायची. या आजारात पायाला दुखणं कळत नाही. माणूस जखमेवरच चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून त्याला चालू न देणं हेच मोठं औषध, असं जिजाबाई सांगत. ते औषध आठ वर्षं मी दिलं.

१९८४ च्या मे महिन्यात देवळीहून येताना जिजाबाईंना पेट्रोलचा वास आला. त्यांनी तिथल्या तिथे मला बंद केलं, आतल्या दोघा आजाऱ्यांना लांब बाभळीखाली बसवलं आणि झाकण उघडलं. पेट्रोलची रबरी नळी तडकली होती. तापलेल्या इंजिनावर थेंब पडत होते. आम्ही पेटलो नाही, एवढंच. बैलबंडीने मला दवाखान्यात ओढून आणलं. आठवड्याभरात पंपही गेला.

दवाखान्याचे चिटणीस बंडोपंत माणूस वाईट नव्हते. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की या गाडीचा पंप आणि नळ्या बनवणं बंद झालं आहे, शिल्लक साठाही नाही. नागपूरचा मिस्त्री येऊन म्हणाला, की हिला कार्बोरेटर बसवायचा तर अर्धं इंजिन बदलावं लागेल. मग बंडोपंतांनी भंगारवाल्याला निरोप धाडला. पोळा झाला की येऊन गाडी घेऊन जा.

मी कडुनिंबाखाली उभी होते. कोंबड्या माझ्या टपावर बसत. तरी मला माहीत होतं, की माझं इंजिन ठणठणीत आहे. दोन वस्तूंसाठी मला सगळीच मोडायला निघाले होते.

त्याच दिवसांत रूपराव आला. देवळीपलीकडच्या खेड्यातला हा शेतकरी दर महिन्याला माझ्यात बसून यायचा. या वेळी गाडी नाही म्हणून तो नऊ कोस चालत आला. जिजाबाईंनी त्याच्या पायाची पट्टी सोडली, तर जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टरांना त्याची तीन बोटं कापावी लागली.

"काऊन चालत आला रे तू?" जिजाबाईंनी विचारलं.

"कोनी बसू देल्लं नाई, बाई," रूपराव म्हणाला. "अन् मले तं काई दुखूनच नाई राह्यलं."

दुसऱ्याच दिवशी जिजाबाईंनी बंडोपंतांकडून पोळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली, मला बैलबंडीला बांधलं आणि वर्ध्याला नेलं. तिथे नत्थू नावाचे लेथवाले होते. कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं ते दुरुस्त करत. त्यांनी मला ओळखलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"सिस्टरबाई, या गाडीत कोन बसते, मले ठाऊक आहे. माह्या घरी लहान लेकरं आहेत."

"नका बसू सीटवर," जिजाबाई म्हणाल्या. "पंप खाली आहे, टाकीपाशी. त्याले तं हात लावता ना? मी आठ वर्षं झाली यायच्या जखमा धुवून राह्यली. पाहा माहे हात."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. नत्थूंनी ते बराच वेळ पाहिले. मग पोतं अंथरून ते माझ्याखाली शिरले.

पंप उघडण्यासाठी बनवलेलाच नव्हता. त्याचं पत्र्याचं कवच कायमचं दाबून बंद केलेलं होतं. नत्थूंनी लेथवर त्याची कड कापली. आत मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे झिजून संपले होते. जिनिंगच्या मोठ्या मोटरचा कार्बन आणून त्यांनी त्याचे दोन तुकडे कानशीने घासत घासत तुरीच्या दाण्याएवढे केले. कवच पुन्हा बंद करायला पितळेचं कडं आणि सहा स्क्रू केले. अडलं ते रबरापाशी. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. त्यांनी सात जातींच्या रबराचे तुकडे पेट्रोलच्या बाटल्यांत आठ दिवस ठेवले. सहा फुगले. ट्रॅक्टरच्या डिझेल नळीचा तुकडा मात्र जसाच्या तसा निघाला. माझ्या नळ्या त्याच नळीच्या झाल्या.

पहिल्या वेळी पंप फिरला, पण कड्यातून पेट्रोल गळलं. दाबाचा काटा वीस पौंडांवर अडला.

"किती पाह्यजे?" नत्थूंनी विचारलं.

हिल्डाबाई जाताना गाडीच्या नोंदींची वही ठेवून गेल्या होत्या, तीत जिजाबाईंनी पाहिलं. "अठ्ठावीस."

"म्हंजे चाकात हवा भरतो तेवढाच दाब! मंग काऊन नाई होनार? होईन!"

त्यांनी कडं मोडीत टाकलं आणि लेथवर नवं कातलं. मी मनात म्हणत होते, पुन्हा कात, दहादा कात, मी इथेच आहे.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी भंगारवाला हातगाडी, घण आणि छिन्नी घेऊन दवाखान्यात आला. बंडोपंत विक्रीचा कागद घेऊन उभे होते. तेवढ्यात मी फाटकातून आत शिरले, माझ्या स्वतःच्या चाकांवर. जिजाबाई चालवत होत्या. शेजारच्या सीटवर नत्थू बसले होते, नीट पाठ टेकून.

"जिजाबाई, हे किती दिवस टिकेल?" बंडोपंतांनी विचारलं. "याची हमी कोण देणार?"

"मी देतो," नत्थू खाली उतरत म्हणाले. "बिघडली तं मले सांगजा. मी खोलली आहे, मीच पुन्हा खोलीन."

बंडोपंतांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. भंगारवाल्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर कान ठेवला आणि हसत हातगाडी वळवली. त्या दुपारीच मी रूपरावला त्याच्या गावी, थेट दारात नेऊन सोडलं.

चार वर्षं झाली, मी धावते आहे. रंग उडाला, एक दार दोरीने बांधावं लागतं. गेल्या महिन्यात माझा एक नोझल गळू लागला आणि तोही कुठे मिळत नाही. न मिळेना का! नत्थूभाऊ सध्या त्याचं माप घेत आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं यंत्र कोपऱ्यात पडलेलं असेल. त्याचा भाग आता बनत नाही, असं कुणीतरी सांगितलं असेल. ते खरंही असेल. पण फेकण्याआधी ते उघडून पाहा. नेमकं काय झिजलं आहे ते शोधा. ते बनवू शकेल असा माणूस तुमच्या गावात आहे का, विचारा. आणि माझ्यासारख्या एखादीवर दया मात्र दाखवू नका. आम्हाला काम द्या. उद्या सकाळी सहाला मला देवळीला जायचं आहे, तिथे तीन माणसं माझी वाट पाहत बसलेली असतील.